पहिले तीन दिवस

यीस्ट साखर फस्त करतं तेव्हा तीन गोष्टी तयार होतात : अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता. पहिल्या दोन शाळेच्या पुस्तकात असतात. तिसरीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि घरी केलेली एल जातीची बिअर बिघडते ती पुष्कळदा या तिसरीमुळेच.

आधी हिशेब मांडू. २० लिटर साध्या ताकदीच्या एलसाठी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, जो गोड रस काढतात, त्याला वॉर्ट म्हणतात. त्यात अडीच किलोच्या आसपास विरघळलेला ऐवज असतो. त्यातला साधारण १.६ किलो यीस्ट खातं, बाकीचा त्याला पचत नाही आणि तोच बिअरला अंग देतो. असा एक किलो ऐवज आंबताना सुमारे ५८५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे त्या एका भांड्यातून ९०० किलोज्यूलच्या वर. ही उष्णता कुठेच गेली नाही, सगळी आतच कोंडली, तर २० लिटर रस १० ते ११ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात भांड्याच्या भिंतींतून बरीचशी निसटते, पण सगळी नाही. जोर धरलेल्या भांड्यातला रस बाहेरच्या हवेपेक्षा ३ ते ५ अंशांनी गरम असतो. भिंतीवरचा तापमापक २१ दाखवतो आणि आपण निर्धास्त असतो, पण त्या वेळी यीस्ट २५ अंशांत नांदत असतं.

यावर पहिला नियम उभा आहे : तापमान खोलीचं मोजायचं नाही, रसाचं मोजायचं. तापमापकाचं टोक भांड्याच्या बाहेरून, रसाच्या पातळीच्या खाली चिकटवायचं, त्यावर स्पंजचा किंवा थर्माकोलचा जाड तुकडा दाबून बांधायचा, म्हणजे हवेचा स्पर्श तुटतो आणि आकडा रसाचा मिळतो. एवढी एक गोष्ट करणारा माणूस महागडी सामग्री घेऊनही हे न करणाऱ्यापेक्षा चांगली एल काढेल, असं मी खात्रीने म्हणेन.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगितलं पाहिजे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने केंद्राची बंदी उठली. त्या देशांत स्थायिक झालेली मराठी माणसं तळघरात किंवा गॅरेजमध्ये हा छंद राजरोस करू शकतात. आपल्याकडे हे ज्ञान उपयोगी पडतं ते परवानाधारक लहान ब्रुअरीत, वाइनरीत, मधाच्या मद्यात आणि साखर कारखान्यांच्या आसवनीत. पुण्यात २००९ साली डूलाली या लहान ब्रुअरीने ताजी बिअर गाळायला सुरुवात केली तेव्हापासून मायक्रोब्रुअरी हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या ओळखीचा झाला. माणसं बदलतात, भांडी बदलतात, परवाने बदलतात. यीस्टचं वागणं मात्र सगळीकडे तेच असतं.

आता ते वागणं पाहू. एलचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, १८ ते २२ अंशांत सुखाने काम करतं. लागरचं यीस्ट थंडीतलं, ८ ते १३ अंशांचं. एलच्या यीस्टला ३० अंशही मानवतात. खरं तर तिथे ते जास्तच वेगाने वाढतं, आणि घात तिथेच होतो. यीस्टला घाई झाली की अल्कोहोलबरोबर इतरही बरंच काही तयार होतं. अमिनो आम्लांपासून जड अल्कोहोलं होतात, त्यांना फ्युजेल म्हणतात. ती घशाशी जळजळतात आणि थिनरसारखा वास मारतात. एस्टर नावाची वासाची द्रव्यं वाढतात. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा वास थेट पिकलेल्या केळ्याचा. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो हवासा असतो, साध्या एलमध्ये तो आला तर पिणारा पेला खाली ठेवतो.

हे सगळं कधी ठरतं? यीस्टची संख्या वाढत असते तेव्हा, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत. फ्युजेल एकदा तयार झाली की ती जात नाहीत. पुढे महिनाभर बाटल्या शीतकपाटात ठेवल्या तरी पहिल्या रात्री झालेलं नुकसान भरून निघत नाही. आसवनीवाल्याला ही अडचण निदान काही अंशी नसते, कारण तो ऊर्ध्वपातनात नको ते वेगळं काढू शकतो. एल मात्र गाळून उकळवायची नसते. यीस्टने जे केलं ते सगळं पेल्यात येतं.

एका चांगल्या भांड्याचे दिवस असे जातात. उकळलेला वॉर्ट शक्य तितक्या लवकर १७-१८ अंशांवर आणतात, मग यीस्ट टाकतात. रस २८ अंशांवर असतानाच यीस्ट टाकून 'रात्रीत निवेल' असं म्हणणं ही सगळ्यांत महागात पडणारी घाई. यीस्ट जागं व्हायला लागलं की ते स्वतःच भांडं तापवतं, मग निवणार कसं? पहिले आठ-दहा तास वरून काही दिसत नाही. मग काठाला धरून पांढरे ठिपके येतात, ते जुळत जाऊन साय धरल्यासारखा थर होतो, आणि दुसऱ्या दिवशी चार बोटं उंच फेस चढलेला असतो. त्यावर हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या, रेझिनचे तपकिरी डाग पडलेले, खाली रस स्वतःहून घुसळत असल्यासारखा वरखाली फिरत असलेला. झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू फक्त बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतून, बुडबुडे इतके भरभर सुटतात की मोजता येत नाहीत. हीच उष्णतेची भरती. या काळात रस १८-१९ वर धरून ठेवायचा, हेच मुख्य काम.

चौथ्या दिवशी फेस बसू लागतो आणि धोरण उलटं होतं. आता रस आपणहून २०-२१ पर्यंत चढू द्यायचा. कारण यीस्टने वाढीच्या भरात डायअ‍ॅसिटिल नावाचं लोण्यासारख्या वासाचं द्रव्य मागे ठेवलेलं असतं, आणि शेवटी तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं, पण अंगात ऊब असेल तरच. या टप्प्यावर भांडं गारठवलं तर यीस्ट काम अर्धवट टाकून तळाशी बसतं. लोण्याचा वास उरला आहे का हे पाहायची एक साधी रीत ब्रुअर वापरतात. दोन लहान पेल्यांत नमुना घ्यायचा. एक झाकून ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा आणि मग निववायचा. दोन्ही हुंगायचे. तापवलेल्यात लोणी जाणवलं तर द्रव्य अजून लपलेलं आहे, यीस्टला आणखी दोन दिवस द्यायचे. रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा, समजा १.०४८ वरून १.०१२ वर येऊन, दोन दिवस हलला नाही आणि या परीक्षेतही काही निघालं नाही की काम झालं.

रेफ्रिजरेशन नव्हतं तेव्हा लोक काय करत होते? ऋतू सांभाळत होते. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करण्यावर बंदी आली. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात भट्टी लावायची नाही. उन्हाळ्यातली बिअर हमखास नासते हे लोकांना ठाऊक होतं, यीस्ट हा जीव आहे हे ठाऊक नव्हतं. ते कळायला १९ वं शतक उजाडलं. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक १८७६ सालचं, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते १८८३ साली. याच सुमारास कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं म्युनिकच्या ब्रुअऱ्यांत बसू लागली. आज आपल्या घरात जो फ्रिज आहे त्याच्या पूर्वजांना पहिलं मोठं गिऱ्हाईक बिअरवाल्यांचं मिळालं, हे विसरता कामा नये. उष्णता आणि काम यांचं नातं मोजणारा जेम्स ज्यूल हाही मँचेस्टरजवळच्या ब्रुअरीवाल्याच्या घरातला. ज्याच्या नावाचं एकक वर आपण हिशेबाला वापरलं, त्याच्या घरचा धंदाच अंशाच्या फरकावर चालणारा होता.

हिंदुस्थानात इंग्रजांनी यंत्राची वाट न पाहता डोंगर गाठले. एडवर्ड डायरने १८५० च्या दशकात हिमालयातल्या कसौलीला ब्रुअरी घातली, ती थंड हवा आणि झऱ्याचं पाणी पाहून. तेव्हाच्या पंजाबातल्या मरीलाही १८६० मध्ये ब्रुअरी आली. उंची चढली की दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, या एका गोष्टीवर ते कारखाने चालले.

हीच गोष्ट सातारा-सांगलीत एका दिवसाच्या प्रवासात अनुभवता येते. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर तेराशे-चौदाशे मीटरवर. मार्चच्या दुपारी सांगलीत पारा ३६ च्या पुढे गेलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत द्राक्षं उतरत असतात. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्यात दोन वाइन पार्क आखले गेले, एक नाशिककडे विंचूरला आणि दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. पांढरी वाइन १२ ते १६ अंशांत आंबवायची असते, तरच द्राक्षाचा सुगंध राहतो. बाहेर ३६ आणि आत १४, हे अंतर यंत्राशिवाय कापता येत नाही. म्हणून स्टीलच्या टाकीला दुहेरी भिंत असते आणि त्या पोकळीतून थंड ग्लायकॉल फिरवतात. या भागात वाइन करायची तर द्राक्षाच्या जोडीला विजेचं बिल विकत घ्यावं लागतं.

त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर यीस्टचा ताप सांभाळला जातो तो उसाच्या पट्ट्यात. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबवून अल्कोहोल काढतात, आणि इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला लागल्यापासून हे काम फार वाढलं आहे. रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी आसवनी धरा. एक लिटर अल्कोहोलमागे दीड किलोहून थोडी जास्त साखर आंबते, म्हणजे ९०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता. दिवसभराचा हिशेब सहाशे किलोवॉटच्या घरात जातो. दोन किलोवॉटचे तीनशे गिझर रात्रंदिवस रसात चालू ठेवावेत, तसं. शिवाय भांडं मोठं झालं की उष्णतेला पळायला वाट उरत नाही. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली तर आतला रस हजारपट होतो आणि भिंत फक्त शंभरपट. म्हणून तिथे रस सतत प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात आणि शीतकरण मनोऱ्यातून आलेल्या पाण्याने निववतात. तापमान ३० ते ३३ धरतात. ३५-३६ ओलांडलं की अल्कोहोलमध्ये बुडालेलं यीस्ट दम टाकतं, साखर तशीच उरते आणि उतारा घटतो. एप्रिल-मेमध्ये मनोऱ्याचं पाणीच कोमट येतं, तेव्हा आसवनीतल्या केमिस्टची झोप उडालेली असते. त्यांच्या या कामाबद्दल मराठीत कुणी लिहीत नाही. साखरेच्या राजकारणावर एवढे रकाने भरतात, तर यीस्टसाठी पाणी गार ठेवणाऱ्या माणसांवरही चार ओळी याव्यात.

उलट्या बाजूचं उदाहरणही आपल्या ओळखीचं आहे. नीरा पहाटे उतरवतात, मडक्याला आतून चुना लावलेला असतो, आणि केंद्रावर ती बर्फात ठेवून सकाळी सकाळीच विकतात. ऊन चढलं की रसातलं रानटी यीस्ट काही तासांत तिची ताडी करून टाकतं. तिथे तापमान सांभाळायचं ते यीस्टने कामाला लागूच नये म्हणून.

आता महाबळेश्वर. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिवाळा येतो, पण यीस्टच्या दृष्टीने तिथला हिवाळा सोपा नाही. जानेवारीत दुपार २४ च्या आसपास आणि पहाट १३-१४ किंवा त्याहून खाली. दिवसरात्रीत दहा अंशांचा फरक. यीस्टला असा हेलकावा सोसत नाही, रात्री ते गारठून बसतं आणि दुपारी पुन्हा उठतं. त्यातही जागेजागेला फरक. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात थंड हवा रात्री उतरून साचते, आणि दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तिथूनच येतात. त्या वेळी वर बाजारपेठेत मात्र स्वेटरवर भागत असतं. एकाच गावात दोन हवामानं. एप्रिलमध्ये दुपार ३० पर्यंत जाते, म्हणजे एलसाठी तीही बाद.

राहिला पावसाळा. पर्यटक गेलेले, घरांना गवताच्या झड्या बांधलेल्या, डोंगर आठवडेच्या आठवडे ढगात. या गावात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. जुलैत दुपारचं तापमान साधारण २० आणि रात्रीचं १७. फरक जेमतेम तीन अंशांचा! ढगांचं पांघरूण दिवसा ऊन आत येऊ देत नाही आणि रात्री जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. नळाचं पाणीही थंड, त्यामुळे उकळलेला रस निववायला सांगलीसारखा बर्फ लागत नाही. एलच्या पाठ्यपुस्तकात जे तापमान छापलेलं असतं, ते महाबळेश्वरचा श्रावण फुकट देतो. भांड्यातली स्वतःची तीन-चार अंशांची ऊब तेवढी काढावी लागते, आणि त्यासाठी भांडं पाण्याच्या टबात उभं करणं पुरतं. २० लिटरच्या भांड्याभोवती ४० लिटर पाणी असलं की तापायचं वस्तुमान तिप्पट होतं आणि चढउतार मंदावतात. त्या टबात गोठवलेल्या पाण्याची एक लिटरची बाटली सोडली तर सगळं मिळून दीडेक अंश खाली येतं.

पावसाळ्यात एक उपाय मात्र महाबळेश्वरात चालत नाही. उष्ण देशांतले हौशी ब्रुअर भांड्याला ओलं फडकं गुंडाळून पंखा लावतात. माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो, तेच हे तत्त्व. एक लिटर पाणी उडून जाताना २४०० किलोज्यूलहून जास्त उष्णता घेऊन जातं. म्हणजे २० लिटर एलचा सगळाच्या सगळा ताप न्यायला हिशेबाने अर्धा लिटर पाणीसुद्धा लागत नाही. सांगलीच्या मार्चमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की ३६ अंशांत ओलं फडकं २२-२३ पर्यंत उतरू शकतं. महाबळेश्वरच्या जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली, फडकं दोन दिवसांनी तसंच ओलं मिळेल, वर बुरशी धरेल ती वेगळीच. पावसाळी डोंगरावर यीस्टचा खरा शत्रू उष्णता नसून बुरशी आहे. भिंतींना, लाकडाला, कपड्यांना ती धरते. म्हणून तिथे झाकण घट्ट, एअरलॉकमध्ये पाणी भरलेलं आणि प्रत्येक भांडं निर्जंतुक करूनच वापरलेलं, यात सवलत नाही.

महाबळेश्वरात यीस्टशी खरी जुनी गाठ पडते ती मधात. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय इथे आहे आणि तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी माशीचा जांभूळ, हिरडा, गेळा, कारवीवरचा मध इथून जातो. या ओल्या हवेतल्या मधात पाण्याचं प्रमाण मैदानी मधापेक्षा जास्त राहतं. ते २० टक्क्यांच्या वर गेलं की साखरेत जगायला सरावलेलं यीस्ट जागं होतं, मध फेसाळतो, आंबूस होतो. म्हणून तो ६० ते ६५ अंशांपर्यंत थोडाच वेळ तापवून यीस्ट मारतात आणि लगेच निववतात. जास्त तापवला तर वास उडतो.

हाच मध पाण्यात पातळ करून जाणूनबुजून आंबवला की मीड होतं. पुण्याच्या मूनशाइन मीडरीने २०१८ पासून ते देशात बाजारात आणलं. मीडलाही पहिल्या दिवसांत १६ ते २० अंश हवेत, आणि एलपेक्षा त्याची फ्युजेल जास्त उघडी पडतात, कारण ती झाकायला माल्ट आणि हॉप्स नसतात. मांघरचा मध, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि जुलैची हवा हे तिन्ही एकाच तालुक्यात आहेत. स्ट्रॉबेरीचा मगज गोठवून जूनपर्यंत टिकतो, मध तर वर्षभर टिकतो. पर्यटक नसतात त्या चार महिन्यांत गावाला काम नसतं, असं तिथले लोक सांगतात. परवाना घेऊन लहान मीडरी किंवा फळांच्या वाइनचं युनिट तिथे पावसाळ्यात चालवावं, इतका साधा विचार यात आहे. पलूसला जी थंडी विकत घ्यावी लागते, ती इथे आभाळातून येते, आणि वादळात दोन दिवस वीज गेली तरी टाकीतला माल बिघडत नाही.

ज्यांना डोंगर नाही आणि यंत्रही नाही, त्यांनी तापमानाऐवजी यीस्ट बदलावं. बेल्जियमच्या सेझॉन एलची काही यीस्टं ३० अंशांतही रुचकर एल देतात. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी क्वाइक नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या लाकडी कड्यांवर आणि कापडावर वाळवून जपलं. ते लोक रस ३० ते ४० अंशांवर असतानाच यीस्ट टाकतात, तरीही त्यात थिनरचा वास येत नाही. लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन अभ्यासकाने गावोगाव हिंडून ही रीत नोंदवली, तेव्हा ती जगापुढे आली. उष्ण मुलखातल्या लहान ब्रुअऱ्यांना याहून मोठी मदत अलीकडे झालेली नाही.

परदेशात, जिथे कायदा आड येत नाही तिथे, घरी एल करणाऱ्या मराठी वाचकांना एवढीच विनंती. नवी किटली, नवे हॉप्स घेण्याआधी एक जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्या. नियंत्रकाचं टोक भांड्याला चिकटवा, १८ अंश लावा, आणि पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. चौथ्या दिवशी तो २० करा. पुढची एल बिघडली तर त्या वहीत कारण सापडेल.